आमद, रवानगी आणि डॉक्टरचं पेन

प्रश्न थोडक्यात असा: एका तरुण डॉक्टरांनी दोन वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलं आणि मग केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात मेडिकल ऑफिसर म्हणून, म्हणजे असिस्टंट कमांडंटच्या हुद्द्यावर, ते रुजू झाले. गडचिरोलीला लागून असलेल्या जंगलपट्ट्यातल्या एका बटालियनचं सगळं वैद्यकीय काम आता त्यांच्या एकट्याच्या अंगावर आहे. ते विचारतात, सुरुवात कुठून करू? वार्षिक तपासणीत ‘शेप-वन’चा, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त जवानांचा, आकडा खाली आलेला कमांडंट साहेबांना चालत नाही, त्यांना काय सांगू? आणि एक्केचाळीस वर्षांच्या एका हवालदाराची साखर वाढलेली सापडली आहे. पुढच्या महिन्यात त्याचा प्रमोशन कोर्स आहे आणि ‘साहेब, लिहू नका’ म्हणून तो हात जोडतोय. त्याचं काय करू?

मी या कामात सत्तावीस वर्षं काढली. सुरुवात एका युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, झाली, शेवटची काही वर्षं एका सेक्टरमधल्या सगळ्या युनिटांची वैद्यकीय देखरेख माझ्याकडे होती. उत्तर लांबेल, पण विषयच तसा आहे.

डॉक्टर, तुमचे तिन्ही प्रश्न एकाच गाठीत अडकलेत. आरोग्य केंद्रात रुग्ण तुमच्याकडे येतो तो बरं व्हायला येतो. त्याला जे दुखतं ते तो सांगतो, कधी कधी दुखतं त्याहून जास्तच सांगतो. इथे चित्र उलटं आहे. इथे औषध देणारा हात आणि वैद्यकीय कॅटेगरी लिहिणारा हात एकाच माणसाचा आहे. शेपची पाच अक्षरं तुम्हाला प्रशिक्षणात पाठ झाली असतील: एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता, ई म्हणजे डोळे. प्रत्येकाला १ ते ५ श्रेणी, आणि पाचही ठिकाणी १ असेल तर माणूस शेप-वन. बढतीला शेप-वन लागतं. त्यामुळे शिपायाचा हवालदार होणं, हवालदाराचा एएसआय होणं, निवृत्तीच्या वेळी हातात काय पडणार, हे सगळं तुमच्या सहीशी बांधलेलं आहे. असं असताना जवान आजार लपवतो, याचं नवल वाटून घेऊ नका आणि त्याच्यावर रागावूही नका. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही लपवला असता.

लपवणं कसं दिसतं, हे मी एकदा फार जवळून पाहिलं. वार्षिक तपासणीची सकाळ होती. एमआय रूमबाहेर रांग, आत मी, फार्मासिस्ट आणि एक नर्सिंग असिस्टंट. त्रेचाळीस वर्षांचा एक हवालदार समोर बसला. रक्तदाब ११८/७६, वजन जेमतेम हद्दीत, तक्रार काही नाही. नाडी ५२ होती. मी ती कागदावर लिहिली आणि पुढच्याला बोलावलं. चार महिन्यांनी त्याच माणसाला पहाटे स्ट्रेचरवर आणलं. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, रक्तदाब २२०च्या वर. त्याच्या पेटीत अटेनोलॉल आणि अम्लोडिपिनच्या पट्ट्या निघाल्या, बाहेरच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या. तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस घ्यायच्या, तपासणी झाली की बंद. गेली तीन-चार वर्षं त्याचा हाच क्रम चालू होता, असं त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या जवानाने नंतर सांगितलं. अटेनोलॉलसारखी गोळी नाडी मंद करते आणि ती एकदम थांबवली की रक्तदाब उसळून वर येतो, हे आपण डॉक्टर जाणतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण विचारायला तो कुणाकडे गेलाच नव्हता. रोज पळणारा तरणा शिपाई असेल तर ५२ नाडी चालेल. मेसमध्ये बसून हिशेब ठेवणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाची नाडी ५२ का, हा प्रश्न त्या सकाळी माझ्या डोक्यात यायला हवा होता.

त्यानंतर मी रक्तदाब फक्त तपासणीच्या दिवशी बघणं सोडलं. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी जवानांच्या रोजच्या तपासणीला, माणूस कशासाठीही येवो, पायाला फोड असो की खोकला, रक्तदाब घ्यायचाच. पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि जाड दंडाला मोठा कफ. कंपनीच्या पोस्टवर असलेल्या नर्सिंग असिस्टंटलाही हेच शिकवलं. वर्षभरात एकेका माणसाचे पाच-सहा आकडे जमतात आणि तपासणीच्या दिवसाचा आकडा त्यांच्यात बसतो की नाही ते लगेच दिसतं. बसत नसेल तर त्याला एकट्याला बोलवा. चोरी पकडल्यासारखं बोलू नका. ‘गोळी घेत असाल तर रोज घ्या, मी देतो’ एवढंच म्हणा.

आता कमांडंट साहेबांचं. तुमची रजा, तुमचा वार्षिक अहवाल, तुमची गाडी त्यांच्या हातात आहे. तांत्रिक बाबतीत मात्र तुम्ही डीआयजी मेडिकलला, म्हणजे दलाच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याला, जबाबदार आहात. दोन घोड्यांवरची ही बैठक सांभाळायची असेल तर पहिल्याच खटक्याला वर पत्र लिहू नका. आधी साहेबांसमोर बसा आणि त्यांच्या कामाच्या भाषेत सांगा. तीन दिवसांच्या मोहिमेत दुसऱ्या दिवशी एक माणूस छातीत दुखून बसला तर त्याला उचलायला चार लागतात, त्यांना कव्हर द्यायला आणखी दहा, आणि मोहीम तिथेच संपते. कागदावर शेप-वन असलेला माणूस असा गेला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी पहिल्यांदा तपासणीचा कागद मागते. त्यावर सही माझी असेल, साहेब, पण त्याला मोहिमेवर नेमणारा हुकूम तुमचा असेल. शिवाय त्या माणसाच्या घरच्यांचं असाधारण निवृत्तिवेतनाचं प्रकरण उभं राहतं तेव्हा आजार नोकरीत झाला, नोकरीमुळे वाढला, हे दाखवायला वैद्यकीय कागद लागतात. आपण आकडा चांगला दिसावा म्हणून जे लिहीत नाही, ते त्याच्या बायकोला पुढे कुठूनच मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा मी दोन-तीन कमांडंटना सांगितला आणि प्रत्येक वेळी खोलीतला सूर बदलला. बहुतेक कमांडंट आपल्या माणसांवर जीव टाकणारे असतात. आकड्याचा ताण त्यांनाही वरून आलेला असतो.

साहेबांना द्यायला तुमच्याकडेही काहीतरी हवं. त्यांना निदानांची यादी देऊ नका, ती त्यांच्या कामाचीही नाही. क्षमतेची यादी द्या: इतके जण लांबच्या मोहिमेला चालतील, इतके पोस्टवर संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा, करतील पण डोंगर चढणार नाहीत, इतक्यांना सहा आठवडे रात्रपाळी नको. कंपनी कमांडरला ‘याला मिरगी आहे’ असं सांगितलंत तर संध्याकाळी सगळी बॅरक बोलते. ‘हा उंचावरच्या पहाऱ्याच्या जागी आणि गाडी चालवायला नको’ एवढं सांगितलंत तर कमांडरचं काम भागतं आणि जवानाची झाकली मूठ झाकलीच राहते. वैद्यकीय गुप्ततेचा नियम २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेत आहे, मानसिक आजारासाठी २०१७च्या कायद्यात तो वेगळा सांगितला आहे. गणवेश चढवला म्हणून तो सुटत नाही.

जवानाचा विश्वास मात्र भाषणाने बसत नाही. सैनिक संमेलनात जरूर बोला, कमांडंट साहेबांनाच बोलायला लावा, की तात्पुरती कॅटेगरी म्हणजे नोकरीचा शेवट नाही. २४ आठवड्यांची मुदत असते, उपचार होतात, पुन्हा वैद्यकीय बोर्ड होतं, माणूस वर येतो. पण जवान पटवून घेतो ते डोळ्यांनी पाहिल्यावर. आपल्यातलाच एक जण खरं बोलला, सहा महिने खाली गेला, परत शेप-वन झाला आणि वर्षाने फीत लावून मेसमध्ये पेढे वाटत फिरला, हे दिसलं की पुढचे चार आपण होऊन येतात. पहिला असा माणूस मिळायला मला दीड वर्ष लागलं. तोपर्यंत धीर धरा.

सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर आहे गेटपासून. रजेवर जाणारा जवान आणि रजेवरून येणारा जवान, म्हणजे रवानगी आणि आमद. बटालियनमधले जितके अनर्थ मी पाहिले त्यातल्या बऱ्याच मोठ्या वाट्याचा धागा या दोन दिवसांशी जाऊन मिळतो.

रवानगीचं आधी. तुमच्या भागात मलेरिया आहे, त्यातही फाल्सिपेरम हा त्याचा जीवघेणा प्रकार. डास चावल्यापासून ताप यायला साधारण ९ ते १४ दिवस लागतात. मोहिमेहून परत आलेल्या माणसाला रजा मिळते, आणि दहाव्या दिवशी ताप येतो तेव्हा तो रेल्वेत असतो किंवा घरी. घर असतं अशा मुलखात जिथल्या डॉक्टरने कित्येक वर्षांत फाल्सिपेरम पाहिलेला नाही. दोन दिवस तापाची गोळी, तिसऱ्या दिवशी सलाईन, चौथ्या दिवशी माणूस बरळायला लागतो. असा एक मुलगा आमच्या हातून गेला. ज्या पोस्टवरून तो निघाला, तिथे दहा मिनिटांत मलेरियाची किट लावून निदान झालं असतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक रजेच्या पासासोबत एक कार्ड द्यायला लागलो. त्यावर हिंदीत आणि जवानाच्या राज्याच्या भाषेत दोन ओळी: ‘मी मलेरियाच्या भागातून आलो आहे. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा.’ खाली एमआय रूमचा नंबर. बायकोला फोनवर वाचून दाखवा, असंही सांगायचो. माझ्या सगळ्या कारकिर्दीत याहून स्वस्त आणि याहून उपयोगी काम मी केलेलं नाही.

व्हायव्हॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार निघाला तर वेगळी अडचण. प्रायमाक्वीन १४ दिवस घ्यायची असते. चौथ्या दिवशी ताप नसतो, सहाव्या दिवशी रजा सुरू होते, आणि गोळ्या पेटीत राहतात. दोन महिन्यांनी तोच मलेरिया यकृतातून परत डोकं वर काढतो आणि रजिस्टरमध्ये आपण नवा रुग्ण म्हणून लिहितो. रजेच्या पासावर सही करण्याआधी नर्सिंग असिस्टंटने उरलेल्या गोळ्या मोजून हातात द्याव्यात. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का ते आधी तपासा, ती असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. ते जमलं नसेल तर निदान एवढं बजावा की लघवी काळ्या चहासारखी दिसली तर गोळी बंद आणि लगेच फोन.

मलेरिया होऊ नये म्हणून द्यायच्या औषधांतही लपवण्याचा तोच धागा येतो. सहा आठवड्यांच्या आतली नेमणूक असेल तर डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. जेवणावर, पेलाभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. मुक्काम लांबणार असेल तर मेफ्लोक्वीन २५० मिलिग्रॅम आठवड्याला एकदा. पण फिट येणाऱ्याला, मानसिक आजार होऊन गेलेल्याला मेफ्लोक्वीन देता येत नाही. त्याने भीती, भास, निराशा वाढू शकते. ज्याच्या खांद्यावर भरलेली रायफल आहे आणि ज्याने आपला जुना आजार तुमच्यापासून दडवला आहे, त्याला तुम्ही ही गोळी देणार आहात. माणसं तुमच्याशी खरं बोलतात की नाही यावर औषधाची सुरक्षितता अशी अवलंबून असते. मच्छरदाणीबद्दल वेगळं लिहीत नाही, फक्त इतकंच की ती मण्यारीपासूनही वाचवते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा साप बहुतेक तोच. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटायला लागतात. असा रुग्ण ‘रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणून तुमच्याकडे येईल.

आता आमद. डिसेंबर २०२४मध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं की आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र दलांतल्या ७३० जणांनी आत्महत्या केल्या. त्यातले बहुतांश रजेवरून परतलेले होते, हेही त्याच वेळी पुढे आलं. आम्हा युनिटातल्या डॉक्टरांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. माणूस घरी जातो तेव्हा जमिनीचा वाद, कर्ज, बायकोशी अबोला, म्हाताऱ्या आईचं आजारपण हे सगळं समोर येऊन उभं राहतं. तीस दिवसांत त्यातलं काही सुटत नाही. मग तो बॅग भरतो, दोन गाड्या बदलतो, गेटवर आमद देतो आणि कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, हत्यार घेऊन त्याच रात्री संत्री ड्यूटीला उभा राहतो. वर्षात १०० दिवस कुटुंबासोबत मिळावेत असं सरकारचं धोरण आहे आणि ते योग्य आहे. पण ते दिवस संपल्यानंतरची पहिली रात्र कुणाच्या वेळापत्रकात नसते. ती तुमच्या वेळापत्रकात घ्या.

आमचा नियम असा होता: आमद दिलेल्या प्रत्येक जवानाने, हुद्दा कोणताही असो, चोवीस तासांत एमआय रूममध्ये यायचं. वजन, रक्तदाब, तापाची चौकशी, लागली तर मलेरियाची किट. सगळ्यांना सारखंच, त्यामुळे कुणी ‘वेगळा’ ठरत नाही. हे चालू असताना एक प्रश्न. ‘काही टेन्शन?’ असं कधीच विचारू नका. त्याचं उत्तर ‘नहीं सर, सब ठीक’ असंच येतं, वीस वर्षं विचारलंत तरी. मी विचारायचो, ‘घरी काय ठेवून आलात?’

एकदा विदर्भातल्याच एका शिपायाला विचारलं. पट्टा त्याच्या दंडावर होता, मी फुगा दाबत होतो. तो म्हणाला, ‘बैल विकले साहेब.’ मी पट्टा सोडला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘बाप बोलत नाही आता. नुसता बसून राहतो.’ मग सोसायटीचं कर्ज, बहिणीचं ठरलेलं लग्न, आणि पगारातून किती कापलं जातं ते. मी सरळ विचारलं, ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ नवे डॉक्टर हा प्रश्न विचारायला कचरतात, विचारल्याने मनात येईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, त्यावर पुरेसा अभ्यास झाला आहे. उलट तो प्रश्न ऐकून त्या मुलाचे खांदे खाली आले. म्हणाला, ‘गाडीत आलं होतं.’

पुढे काय केलं ते तपशिलाने सांगतो, कारण इथे चुका होतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याचं हत्यार सर्वांदेखत काढून घेणं. अर्ध्या तासात कंपनीभर होतं की हा ‘सटकलेला’ आहे, आणि तो माणूस पुन्हा कधी डॉक्टरजवळ तोंड उघडत नाही. मी कंपनी कमांडरला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की याला पंधरा दिवस स्टोअरला द्या, त्याच्यासोबत आणखी दोघांना द्या. तीन नावं एकाच वेळी बदलली की ती साधी ड्यूटी बदली दिसते. त्याचा बडी, म्हणजे कायम सोबत असणारा जोडीदार, निवडताना वरिष्ठतेपेक्षा गाव पाहिलं. त्याच्याच तालुक्यातला एक जवान होता, त्याची खाट शेजारी लावली. दुसऱ्या दिवशी दलाच्याच कंपोझिट हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, पण रेफरच्या चिठ्ठीवर कंपनीला दिसेल असं काही लिहिलं नाही. कमांडंट साहेबांनी वेल्फेअर फंडातून कर्जाचं काय होतं ते पाहिलं आणि त्याच्या बापाला स्वतः फोन केला. तो फोन औषधाइतकाच लागू पडला असं मला आजही वाटतं. आठ महिन्यांनी तो मुलगा पुन्हा हत्यारासकट ड्यूटीवर गेला, बोर्डाच्या परवानगीने.

रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. तो एमआय रूमच्या भिंतीवर लावून भागत नाही. जवान एकटा असतो अशा जागी लावा, फोनच्या बूथशेजारी, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला. कुणी प्रयत्न करून वाचला तर शिक्षेची भाषा करणाऱ्यांना मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ दाखवा. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो.

झोपेबद्दल एक गोष्ट मात्र कंपनी कमांडरशी भांडून मिळवा. माणसं कमी असली की संत्री ड्यूटी दुप्पट होते आणि माणूस आठवडेच्या आठवडे चार-साडेचार तास झोपतो, तेही तुकड्यांत. चिडचिड, दारू, रक्तदाब, चुकून सुटलेली गोळी, या सगळ्याच्या आधी ड्यूटी रजिस्टर उघडून बघा. आणि रोज पिणारा माणूस मोहिमेवर गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास, फिट येऊ शकते. मोहिमेच्या आधी कुणाची बाटली रोज लागते हे तुम्हाला माहीत हवं, आणि तेही तो सांगेल तरच.

गेटचा हाच नियम उद्या तुमची बदली लडाखच्या चौकीवर झाली तरी लागू आहे. उंचीवर चढताना ६, ४ आणि ४ दिवसांचे तीन टप्पे पाळतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. घात होतो तो रजेवरून परतणाऱ्याचा. ‘मी तर वर्षभर इथंच होतो’ म्हणत तो विमानाने येतो, दुसऱ्या दिवशी सामान उचलतो आणि रात्री छातीत पाणी भरतं. महिनाभर खाली राहिलेलं शरीर सगळं विसरलेलं असतं. जुन्या माणसालाही नव्यासारखंच थांबवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, महत्त्व कमी म्हणून नव्हे, तर त्यांची पुस्तिका तुमच्याकडे आहे म्हणून.

स्फोटात किंवा गोळीने जखमी झालेला माणूस पहिल्या काही मिनिटांत जातो तो रक्तस्रावाने. तुमच्या भागात ॲम्ब्युलन्स रस्त्यावरून धावत येऊ शकत नाही. आधी रोड ओपनिंग पार्टी रस्ता तपासते, मग चाक हलतं. म्हणजे पहिला तास बडीचा आहे, तुमचा नाही. प्रत्येकाची टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, एकाच ठरलेल्या खिशात, जेणेकरून दुसऱ्याला अंधारात चाचपून सापडेल. एका हाताने बांधायचा सराव महिन्यातून एकदा, रात्री, तुम्ही स्वतः उभं राहून घ्या. जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं, वेळ लिहायची. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड तीन तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. रक्तगट कागदापेक्षा बुटांवर लिहिलेला असतो, पण तो खरा आहे का एकदा स्वतः तपासून घ्या. आमच्याकडे दोन चुकीचे निघाले होते. अरुंद वाटांसाठी डीआरडीओच्या इन्मास संस्थेने ‘रक्षिता’ ही मोटरसायकल ॲम्ब्युलन्स बनवली आणि जानेवारी २०२१मध्ये सीआरपीएफकडे दिली. युनिटला मिळाली असेल तर ती शेडमध्ये झाकून ठेवू देऊ नका.

थंड मुलखातून एप्रिलमध्ये तुमच्याकडे येणाऱ्या तुकडीला दहा ते चौदा दिवस उन्हाची सवय होऊ द्या. पळता पळता कोसळलेला, बरळणारा, अंग तापलेला माणूस दिसला तर आधी जागेवरच पाण्यात बुडवून गार करा, मग गाडीत घाला. उलटं केलंत तर वाटेत जाईल. आणि त्या पट्ट्यातल्या स्थानिक मुलांमध्ये सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. एरवी त्यांना काही होत नाही, पण उन्हात, कमी पाण्यावर, शर्यतीसारखं पळवलं तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर येऊ शकतं.

महिला जवानांबद्दल दोन ओळी पुरणार नाहीत, तरी लिहितो. सीआरपीएफची पहिली महिला बटालियन १९८६ची, पण नाक्यावर बाईला लघवीला जायला जागा हवी, हे अजून कित्येक पोस्टवर कुणाच्या नकाशात नाही. परिणामी त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, उन्हाने भोवळ. याचं औषध तुमच्या कपाटात नाही. कमांडंटच्या टेबलावर आहे, फिरत्या शौचालयाच्या मागणीपत्रात. ते पत्र सिक रिपोर्टचे आकडे जोडून तुम्हीच लिहा.

आता तुमचा हवालदार.

आधी निदान पक्कं करा. एका रँडम साखरेवर कुणाला मधुमेही ठरवू नका. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी या रक्तचाचणीत ६.५ किंवा जास्त, आणि तेही दुसऱ्यांदा तपासून. कोर्सची तयारी म्हणून त्याने अलीकडे गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय का, ते विचारा. स्टिरॉइडने काही दिवस साखर चढते. आणि तो सिकलसेलचा वाहक असेल किंवा त्याला जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर एचबीएवनसीवर भरवसा ठेवू नका, तो आकडा खोटा निघू शकतो. तेव्हा उपाशीपोटीच्या साखरेवरच चाला.

आजार खराच निघाला तर लिहा. न लिहिण्याचा मार्ग नाही, आणि तसा मार्ग आहे असं त्याला क्षणभरही वाटू देऊ नका. पण तुम्ही लिहिलंय हे त्याला कारकुनाकडून कळता कामा नये. त्याला तुम्ही सांगा, आणि त्याच बैठकीत पुढच्या २४ आठवड्यांचा हिशेब मांडा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचं चित्र दाखवतो, म्हणजे रिव्ह्यूच्या आधी दोनदा त्याला आपली प्रगती आकड्यात दिसेल. वजन किती उतरवायचं, मेसमधल्या पुऱ्या आणि गोड चहाचं काय करायचं, पळणं कसं वाढवायचं, हे लेखी द्या, आणि मेस कमांडरला बोलावून ‘डायटवर असलेल्यांचं’ वेगळं पातेलं सुरू करा, एकट्याचं नाही. औषध द्यावं लागलं तर मेटफॉर्मिनपासून सुरुवात करा. हत्यार घेऊन गस्तीवर जाणाऱ्या, जेवणाची वेळ न ठरलेल्या माणसाला ग्लिमेपिराइडसारखी साखर एकदम पाडणारी गोळी देताना दहादा विचार करा. कोर्सची तारीख पुढे ढकलून पुढच्या तुकडीत त्याचं नाव घालता येईल का, हे कमांडंट साहेबांशी आजच बोला, बोर्डाची तारीखही लवकरची मागून घ्या. हे दोन अर्ज तुम्ही स्वतः टाईप करून न्या.

आणि त्याला बोलवाल ते सिक रिपोर्टच्या वेळेत नको, तेव्हा बाहेर रांग असते. संध्याकाळी रोल कॉलनंतर बोलवा, दार लावून घ्या, आणि कागद दाखवण्याआधी त्याला बसायला सांगा.